पर्चेसमध्ये आहे म्हटलं की लोक डोळा मारतात, काय करू?

फोंड्याहून पत्र आलंय. लांब होतं, कापून देतोय:

"सर, मी २५ वर्षांची. बीकॉम, मग एमबीए. कुंडईच्या एका औषध कंपनीत पर्चेसला, म्हणजे खरेदी खात्यात, दोन वर्षं झाली. पॅकिंग मटेरियल बघते, म्हणजे कार्टन, फॉइल, लेबल, शिपर (बाहेरचे मोठे खोके). दिवसभर पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, काढायचे, मटेरियल कधी येतंय म्हणून फोन करायचे, आणि महिनाअखेर साहेब विचारणार सेव्हिंग किती. मामा सगळ्यांसमोर म्हणतो पर्चेसमध्ये म्हणजे मजा आहे गो तुझी, आणि डोळा मारतो. आई म्हणते सरकारी फॉर्म भर, एलडीसी (सरकारी क्लार्क) झालीस तरी चालेल. आमच्याच कंपनीत सेल्समध्ये जागा निघालीय, तिकडे जाऊ का? पर्चेसमध्ये पुढे काही आहे का, का पन्नाशीपर्यंत पीओच काढत बसणार? गोवा सोडायचा नाहीये. आणि अजून एक. चवथीला एका व्हेंडरने मिठाईचा बॉक्स पाठवला, घरी येऊन उघडला तर आत पाकीट, ५ हजार. अजून कपाटात आहे, कोणालाच सांगितलं नाही. झोप लागत नाही. — गोंधळलेली"

बाय, शेवटची गोष्ट आधी घेतो. बाकीचं सगळं पुढच्या रविवारी वाचलंस तरी चालेल, पण ते पाकीट उद्या कपाटातून बाहेर आलं पाहिजे.

उद्या ऑफिसात गेलीस की पहिलं काम, व्हेंडरला मेल, सीसीमध्ये तुझे साहेब आणि एचआर. चार ओळी पुरे: "चवथीच्या शुभेच्छांबद्दल आभार. मिठाई डिपार्टमेंटमध्ये वाटली. बॉक्समध्ये एक पाकीट होतं, ते चुकून आलं असावं. तुमच्या माणसाकडे परत देत आहे, कृपया पोच द्यावी." हे "चुकून आलं असावं" मुद्दाम ठेवायचं. चुकून आलेलं नाही हे त्यालाही माहीत आहे, तुलाही आणि एचआरलाही, पण त्या तीन शब्दांमुळे त्याला मान खाली न घालता पाकीट परत घेता येतं आणि पुढच्या सोमवारी तू त्याला फॉइल कधी देणार म्हणून फोन करू शकतेस. इतके दिवस का ठेवलं असं विचारलं तर खरं सांग, काय करायचं ते कळत नव्हतं, बस. मिठाई तू खाल्ली असशील तर ती ओळ काढून टाक, नेवऱ्यांसाठी खोटं बोलू नकोस.

आणि हो, तोंडी परत करून मोकळी होऊ नकोस. तसंच पाकीट तुझ्या साहेबांच्या ड्रॉवरमध्येही असू शकतं, नसेल अशी आशा करू, पण असलं तर उद्या प्रश्न फिरून तुझ्यावरच येणार आणि तेव्हा तुझ्याकडे तारीख-वेळेसकट कागद असला पाहिजे.

हे ५ हजार तसे मोठे नाहीत, पण पुढच्या महिन्यात त्याच्या फॉइलच्या लॉटला पिनहोल निघाले, क्यूसीने (दर्जा तपासणाऱ्यांनी) रिजेक्ट मारला आणि तो तुला फोन करून म्हणाला "मॅडम, यावेळी सांभाळून घ्या", की तुझ्या तोंडून 'नाही' निघणार नाही. तेवढ्याचसाठी असतं ते पाकीट. मला एकदा तुळशीच्या लग्नाला एका बेअरिंगवाल्याने थेट घरी येऊन बायकोच्या हातात साडी दिली होती, ती परत करताना बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही (साडी खरंच चांगली होती), पण सुटलो.

आता मामा. मामा जे बोलतो ते काय हवेतून आलेलं नाही, खाणाऱ्यांची एक अख्खी पिढी मी बघितलीय. मी १९८८ साली डिचोलीकडे एका खाण कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो तेव्हा पर्चेस म्हणजे एक टेबल, एक टेलिफोन आणि कार्बन लावून लिहिलेले तीन कोटेशन, त्यातले दोन त्याच दुकानदाराने आपल्या मेव्हण्याच्या लेटरहेडवर दिलेले. मशीन बंद पडलं की मेकॅनिक ओरडणार, आम्ही मडगावला फोन लावणार, स्पेअर आणणार, बिल पास करणार. कंपनीत आमची किंमत शिपायाच्या वर आणि अकाउंटच्या खाली. म्हणून तुला पीओ काढणारी क्लार्क झाल्यासारखं वाटतं ते मला कळतं, बऱ्याच कंपन्यांत अजून तसंच आहे आणि तुझी तशातलीच दिसते. पण धंदा तिथे थांबलेला नाही.

साधा हिशोब करून बघ. समज तुमच्या कंपनीने १०० रुपयांचा माल विकला, त्यातले ५० रुपये बाहेरून वस्तू विकत घेण्यात गेले, पगार-वीज-बाकी सगळं जाऊन १० रुपये उरले. सेल्सवाल्याने आणखी १ रुपया नफा आणायचा तर त्याला साधारण १० रुपयांचा माल जादा विकायला लागणार, डॉक्टरांच्या दारात उभं राहून. तू त्या ५० मधला १ रुपया वाचवलास, म्हणजे शेकडा २, की तेवढाच नफा आला. हे गणित मालकाला कळलं की पर्चेसचं टेबल खिडकीपाशी जातं.

पण इथेच एक खड्डा आहे आणि मी त्यात चांगला तोंडावर पडलोय, ते सांगतो.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, महिन्याभरात सुप्रीम कोर्टाचीही बंदी आली, आणि २४ वर्षांचा अनुभव घेऊन मी घरी. पुढच्या वर्षी वेर्ण्याला एका औषध कंपनीत लागलो, तुझंच काम, पॅकिंग मटेरियल. मला वाटलं डंपरचे टायर घेतले, बार्जचे इंजिन स्पेअर घेतले, पुठ्ठ्याच्या डबीत काय असतंय. एक नवा व्हेंडर पकडला, कार्टनमागे १४ पैसे कमी. वर्षाला ८० लाख कार्टन, म्हणजे ११ लाख २० हजार सेव्हिंग, मीटिंगमध्ये स्लाइड दाखवली, टाळ्या पडल्या. सॅम्पल मे महिन्यात पास झालं होतं. माल आला जुलैत.

वेर्ण्याच्या पठारावर जुलै म्हणजे काय ते तुला सांगायला नको, कुंडईतही तेच, भिंतीला हात लावला तर ओला होतो. लाइनवर कार्टन लावले आणि मशीन दर दोन मिनिटांनी थांबायला लागलं. कार्टनिंग मशीनचं काम असं की सपाट दुमडलेला कार्टन सक्शनने उचलायचा, झटक्यात उघडायचा, आत स्ट्रिप आणि लिफलेट ढकलायचं, फ्लॅप बंद. आमचे कार्टन उचलले जायचे पण उघडायचे नाहीत. मी खाली लाइनवर गेलो तर ऑपरेटरने, पेडण्याकडचा होता, एका हातात जुना कार्टन घेतला, एका हातात नवा, दोन्हींना अंगठ्याने कडेला दाबलं. जुना टक करून उघडला. नवा पोटात वाकला आणि तसाच राहिला. म्हणाला, "साहेब, हो उगडना, लजता." म्हणजे हा उघडत नाही, लाजतो. पुठ्ठ्याने दमट हवा ओढलेली, घडी धड दाबलेली नाही, आणि पुठ्ठ्याचा धागा आडवा हवा तो उभा. यातलं काहीही माझ्या पीओवर लिहिलेलं नव्हतं. पीओवर होतं ३०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), साइज, रंग आणि रेट.

लाइन निम्म्या स्पीडवर, रात्रीचा ओव्हरटाइम, आणि एक्स्पोर्टची एक कन्साइनमेंट होती तिचा न्हावाशेव्याचा कटऑफ चुकला, ती विमानाने पाठवावी लागली. त्या एका विमानभाड्यात माझ्या ११ लाखांतले किती उरले ते मी स्लाइडवर दाखवलं नाही, पण एमडीनी स्वतःच काढलं होतं.

तेव्हा साहेब सेव्हिंग विचारतात त्यात चूक काही नाही, फक्त सेव्हिंग कुठे मोजायचं हा प्रश्न आहे. व्हेंडरच्या बिलावर मोजलं तर मी हिरो होतो, लाइनच्या शेवटी मोजलं तर गाढव. आणि पर्चेसमध्ये कोण वर जातो आणि कोण पीओच काढत राहतो ते मला वाटतं इथेच ठरतं. रेट तर कोणीही कमी करून आणतो, तीन फोन लावले की झालं.

तुझ्या आजीला हे माहीत होतं बघ. मे महिन्यात पुरुमेंत भरायची ना ती? सुकी मासळी, सोलां, मिरच्या, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ. चार महिने बाजारात काय मिळेल-न मिळेल, तर किती लागणार, कोणाकडची मासळी नीट सुकलेली आणि कोण मिठाने वजन वाढवतो, कोणती आधी खराब होणार, पैसे आता घालायचे का आठवड्याने, हे सगळं ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभ्या-उभ्या ठरवायची. सेफ्टी स्टॉक, व्हेंडर रेटिंग, शेल्फ लाइफ, कॅश फ्लो, आपण त्याला फक्त इंग्रजी नावं दिली आणि सॅप सॉफ्टवेअरमध्ये भरलं. चार दमड्या वाचवायला ओली मासळी आणली असती तर जुलैत घरभर किडे, तिला त्यासाठी स्लाइड लागत नव्हती.

मोठ्या कंपन्यांना हे उशिरा कळलं, आणि कळलं तेही मार खाऊन. ३ मार्च २०२० ला आपल्याच सरकारने पॅरासिटामॉलसकट २६ औषधं आणि कच्च्या मालांच्या निर्यातीवर बंधनं घातली, कारण चीनमधून येणारा कच्चा माल अडकला होता आणि आपल्या एपीआयचा, म्हणजे औषधातल्या मूळ द्रव्याचा, मोठा वाटा तिथूनच येतो. मग मार्च २०२१ ला ते एक जहाज सुएझमध्ये आडवं झालं, सहा दिवस कालवा बंद. मग २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात हल्ले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जादा आणि भाडं वेगळं. या प्रत्येक वेळी बोर्ड मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच की आपल्याकडे किती दिवसांचा माल आहे आणि दुसरा सप्लायर कोण. त्याचं उत्तर ना सेल्सकडे होतं ना फायनान्सकडे.

आणि औषधात तर दुसरा सप्लायर असा फोन करून मिळत नाही हे तुला माहीत असेल. एपीआयचा सोर्स बदलायचा तर व्हेंडर ऑडिट, ट्रायल बॅचेस, स्टॅबिलिटी (औषध टिकतं का ती चाचणी), मग रेग्युलेटरीला कळवायचं, देशानुसार मंजुरीची वाट बघायची. म्हणून जो दोन वर्षं आधी दुसरा सोर्स उभा करून ठेवतो तो खरा पर्चेसवाला, आणि गंमत म्हणजे तेव्हा त्याला सगळे विचारत असतात की एकाकडून चाललंय ना नीट, मग खर्च कशाला.

अजून एक गोष्ट, जरा जड आहे पण औषधात राहायचं तर माहीत पाहिजे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ पेशंट गेले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं, विषारी, कारखान्यात वापरायच्या प्रतीचा माल औषधाचा म्हणून आत आला होता, त्यावर लेंटिन आयोग बसला. मग ३६ वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ ला, गांबियात साठाहून जास्त लहान मुलं दगावल्यावर डब्ल्यूएचओने भारतात बनलेल्या चार सिरपबद्दल इशारा दिला, नमुन्यांत पुन्हा तेच, डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल. अशा मालाचा ड्रम बाहेरून सारखाच दिसतो, लेबल छापायला कितीसा खर्च येतो. ड्रम कोणाकडून आला, मधला ट्रेडर कोण, त्याने फोडून पुन्हा भरला का, सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) मूळ उत्पादकाचा आहे का ट्रेडरने स्वतःच टाइप केलेला, हे विचारणारी पहिली व्यक्ती पर्चेसमध्येच बसलेली असते, क्यूसी नंतर. मामाने पुढच्या वेळी डोळा मारला की त्याला हे सांग. बहुतेक गप्प बसेल. नाही बसला तर जाऊ दे, मामा आहे.

पैशाचं थोडं सांगतो, कारण तुमच्या वयाची पोरं हे अकाउंटचं काम म्हणून सोडून देतात. खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या व्हेंडरांचे, म्हणजे टायरवाले, वेल्डिंगवाले, बार्ज दुरुस्त करणारे, सगळ्यांचे पैसे अडकले होते. आधीपासूनच. आमच्या साहेबांना वाटायचं व्हेंडरला १२० दिवस लटकवला म्हणजे आपण हुशार. माझ्या सहीच्या पीओवर माल दिलेली माणसं माझ्या घरी येऊन बसायची, चहा घ्यायची, पैशाबद्दल काही बोलायची नाहीत, ते जास्त वाईट. मग दोन-तीन वर्षांनी खाणी थोड्या हलल्या तेव्हा तिथे राहिलेल्या मित्राचा फोन, "अरे टायरवाला अ‍ॅडव्हान्सशिवाय हात लावू देत नाही." देणार कसा? आणि बरं केलं त्याने, २०१८ च्या मार्चात पुन्हा सगळं बंद झालंच.

आता कायदा आहे. एमएसएमई कायदा २००६ चाच, की छोट्या सप्लायरशी लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही, करार नसेल तर १५, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. पण कोण विचारतो, व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल ना. खरी जाग आली ती इन्कम टॅक्सवाल्यांनी ४३बी(एच) हे कलम आणल्यावर, १ एप्रिल २०२४ पासून, की मायक्रो आणि स्मॉल सप्लायरचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरताच येत नाही, ज्या वर्षी देणार त्या वर्षी धरा. फायनान्सवाले एका रात्रीत व्हेंडरवर प्रेम करायला लागले. तुझ्या कार्टनवाल्यांपैकी कोणाकडे उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, कोण मायक्रो, कोण स्मॉल, कोण नुसता ट्रेडर (त्याला हे लागू होत नाही), ही यादी तुझ्याकडे आहे का? नसेल तर या आठवड्यात कर आणि फायनान्सला स्वतःहून पाठव. एका मेलमध्ये तू क्लार्कची कोणीतरी वेगळी होशील, खरं सांगतो.

तर पुढे काही आहे का. आहे, पण आत्ता जे करतेस ते नाही. पीआर (खात्याची मागणी) आला, पीओ काढला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला का बघितलं, बिलाशी जुळवलं, हे काम मशीन करायला लागलंय, येत्या काही वर्षांत उरलेलंही करेल. फॉलोअपचे मेलसुद्धा आपोआप जातात आता. रिव्हर्स ऑक्शन (कमी-कमी रेटची बोली) लावलं की रेटही आपोआप खाली येतो, त्यात भांडायला माणूस लागत नाही. उरणार कोण, तर ज्याला वस्तू कळते तो.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं, दोन महिने रोज जेवणानंतर २० मिनिटं पॅकिंग लाइनवर जाऊन उभी राहा, गाऊन-कॅप घालून, मोबाइल बाहेर ठेवून. ऑपरेटरला विचार कोणाचा माल त्रास देतो. त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला कोणी विचारत नाही. मग ते स्पेसिफिकेशनमध्ये आण.

दुसरं, रेट मागायच्या आधी रेट स्वतः काढायला शीक. कार्टन उलगडून टेबलावर पसर, पट्टीने मोज. समज उलगडून २०० चौरस सेंटिमीटर भरला आणि पुठ्ठा ३०० जीएसएम, म्हणजे ६ ग्रॅम पुठ्ठा. किलोला ८० रुपये धरलेस तर ४८ पैसे. त्यावर वेस्टेज, छपाई, व्हार्निश, पंचिंग, पेस्टिंग, ट्रक, त्याचा नफा. आता तो १ रुपया १० पैसे म्हणाला तर तू म्हणू शकतेस की पुठ्ठा इतका, मग बाकीचे ६२ पैसे कसे ते समजावून सांगा. भांडण नाही, विनवणी नाही, "थोडं कमी करा ना सर" नाही. आणि पुठ्ठ्याचा भाव खरोखर वाढला की तूच साहेबांना सांगशील की वाढवून द्यायला पाहिजे, नाहीतर तो जीएसएम कमी करणार. पहिल्यांदा हे करशील तेव्हा व्हेंडर खुर्चीत सरळ बसतो, बघ.

आणि सगळ्या वस्तूंवर सारखा वेळ घालवू नकोस. १९८३ साली क्राल्जिक नावाच्या माणसाने हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला, अजून सगळे त्याचेच चार चौकोन काढतात, मुद्दा सोपा आहे, दोनच प्रश्न, ही वस्तू नफ्याला किती लागते आणि ती मिळायला किती अवघड. तुझ्याकडचे शिपर दहा जण देतील, तिथे खुशाल ऑक्शन लाव. पण छापील फॉइल बघ, त्याचे प्रिंटिंगचे सिलिंडर तुमच्या पैशाने बनवलेले आणि ठेवलेत व्हेंडरच्या शेडमध्ये, तो उद्या भांडला किंवा बुडाला तर सिलिंडर आत आणि तू गेटबाहेर. करारात सिलिंडर कोणाचे ते लिहिलंय का? बघून ठेव.

कोर्सचं विचारलं नाहीस पण विचारशील. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे डिप्लोमा आहेत, नोकरी करून करता येतात. ब्रिटनच्या सीआयपीएस या खरेदीवाल्यांच्या संस्थेच्या कोर्सला बाहेर, गल्फमध्ये वगैरे, चांगला मान आहे पण खर्चिक, कंपनी भरत असेल तरच. त्याआधी एक्सेल नीट शीक, पिव्होटच्या पुढे, आणि इन्कोटर्म्स, म्हणजे परदेशी व्यवहारात भाडं, विमा आणि जोखीम कोणाकडे ते सांगणाऱ्या अटी. एफओबी आणि सीआयएफमधला फरक विचारला तर एमबीए झालेली अर्धी मुलं इंटरव्ह्यूत छताकडे बघतात, मी घेतलेत इंटरव्ह्यू.

सेल्स? तुला माणसांना भेटायला, फिरायला आवडत असेल तर जा, वाईट काही नाही, इन्सेंटिव्ह चांगला मिळेल. पण तुझ्या अख्ख्या पत्रात सेल्सबद्दल एकच ओळ आहे, आणि तीही "जागा निघालीय" एवढीच. जागा निघाली म्हणून कोणी सेल्समध्ये जाऊ नये.

आईला दुखवू नकोस, सरकारी फॉर्म भरायचा तर भर, पण एलडीसीच कशाला. सरकारी खरेदी हे आपल्याच लाइनचं अख्खं वेगळं जग आहे. २०१६ पासून जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल आहे, केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के छोट्या उद्योगांकडून घ्यायची असते, त्यातली ३ टक्के महिलांच्या युनिटकडून. वास्कोला एवढं शिपयार्ड आहे, तिथे लढाऊ जहाज बनतं म्हणजे हजारो वस्तू कोणीतरी विकत घेतंच ना, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. फक्त स्वभाव बघ. तिथे नियम पाळला का हे आधी, वस्तू चांगली आली का हे नंतर. सगळ्यात कमी रेटवाल्याला द्यायला लागलं की माझी कार्टनची गोष्ट तिथे वर्षभर घडते आणि दोष कोणाचाच नसतो. आणि पाकीट घेतलं तर तिथे नोकरी जाण्यावर भागत नाही, १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे, जेल.

गोवा सोडायचा नाही म्हणतेस. इथे काम आहे, वेर्णा, कुंडई, तुयें, पिळर्ण, शिवाय हॉटेलं, तिथली खरेदी वेगळीच कसरत, डिसेंबरात इसवण (सुरमई) मिळेना आणि शेफ ओरडतोय. गोव्यात खरेदी शिकलेल्या माणसाला घाट, पाऊस आणि समुद्र तिन्ही कळतात, अनमोडला ट्रक अडकला तर चोर्ल्याने येईल का, का कोलाडला रेल्वेच्या रो-रोवर (ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीवर) चढवून वेर्ण्याला उतरवायचा (ती सोय १९९९ पासून आहे, पुण्या-मुंबईच्या बायरला बऱ्याचदा माहीतच नसते). पण खोटं कशाला सांगू, मोठे निर्णय, एपीआय कोणाकडून, पूर्ण कंपनीचा फॉइलचा वर्षाचा करार, हे बहुतेक कंपन्यांत मुंबई किंवा हैदराबादच्या हेड ऑफिसला होतात. इथल्या प्लांटला उरतं पॅकिंग, इंजिनिअरिंग, सर्व्हिस. एका ठिकाणी येऊन छत लागतं. माझं मत, अजून दोन वर्षं इथे वस्तू शीक, मग तीन-चार वर्षं हेड ऑफिसला जाऊन ये. जाऊन ये म्हटलंय, जा नाही. मी गेलो नाही, घर, आई, शेत, कारणं खरी होती सगळी, पण मॅनेजरच्या वर मी गेलो नाही हेही खरं. तुला छत चालत असेल तर इथेच राहा, त्यातही लाज नाही, संध्याकाळी साडेसहाला घरी पोचणं ही काय कमी गोष्ट नाही.

बाकी मला सर म्हणू नकोस, काका चालेल. तो कार्टनवाला मे महिन्यातच प्लांटवर बोलावून घे, पावसाच्या आधी, लाइनवर उभा कर आणि त्याच्याच हाताने कार्टन उघडायला लाव. आणि उद्याचा मेल पाठवलास की ड्राफ्ट डिलीट करू नकोस, दिवाळीला परत लागेल.